मुक्या जिवाची पहिली घटका

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी यंदा एखादा इतिहासविषयक लेख लिहावा, असे कार्यकारिणीने मला सुचविले, तेव्हा मी असईच्या लढाईवर किंवा जांब समर्थावर लिहीन, अशीच सर्वांची अपेक्षा होती. दोन्ही स्थळे आपल्याच जिल्ह्यातली. त्यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि पुढेही लिहिले जाईल. मी मात्र विषय निवडला तो कुत्र्यामांजरांच्या तातडीच्या उपचारांचा. बैठकीत काही भगिनी हसल्या. एकीने तर स्पष्टच विचारले, "अहो ताई, माणसांच्या दवाखान्यात खाट मिळायची मारामार, तिथे मांजराचा इतिहास कोण वाचणार?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर म्हणून आधी माझ्या घरातली एक गोष्ट सांगते आणि मग इतिहासाकडे वळते.

आमच्या घरी मनी नावाची एक मांजर होती. तीन वर्षांपूर्वी एका रात्री ती दुसऱ्या मांजराशी भांडून आली. दुसऱ्या दिवशी तिचे अंग तापले, ती कोपऱ्यात निपचित पडून राहिली आणि दुधालाही तोंड लावीना. मला तिची दया आली. घरात तापाची गोळी होती, पॅरासिटामॉलची, जी आपण मुलांना आणि म्हाताऱ्यांना निर्धास्तपणे देतो. ती अर्धी गोळी मी कुटली, चमचाभर दुधात कालवली आणि मनीला मांडीवर घेऊन, गोंजारून पाजली. काही तासांतच तिला धाप लागली. तोंड आणि पंजे सुजले. गुलाबी हिरड्या तपकिरी, काळपट दिसू लागल्या. मला वाटले, जखमेचे विष चढले. सकाळी दवाखाना उघडेपर्यंत मी तिच्या उशाशी बसून राहिले. डॉक्टरांनी तिचे तोंड उघडून पाहिले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "काकू, हिला घरातली कुठली गोळी दिलीत का?" दुपारी मनी गेली.

डॉक्टरांनी मला नंतर समजावून सांगितले. माणसाचे यकृत ज्या रीतीने ही गोळी पचवून बाहेर टाकते, ती शक्ती मांजराच्या यकृतात फारच थोडी असते. त्यामुळे गोळीचे विष होते आणि रक्त प्राणवायू वाहून नेण्यास निकामी होते. त्यावर ॲसिटिलसिस्टीन नावाचा उतारा आहे, पण तो पहिल्या काही तासांतच द्यावा लागतो. ते तास तर मी तिला कुरवाळण्यात घालविले होते. माझ्या हाताने गेली, आणि तीही मायेच्या हाताने. तेव्हापासून मला सारखे वाटू लागले की या मुक्या जिवांच्या उपचाराची विद्या आली कोठून, आपल्यापर्यंत पोचायला तिला एवढा वेळ का लागला, आणि आपल्या घरात ती अजून का आली नाही? मिळेल ते वाचीत गेले, त्याचे सार या लेखात मांडते.

दया ही आपल्याकडे नवी नाही. सम्राट अशोकाच्या दुसऱ्या गिरिलेखात माणसांसाठी आणि पशूंसाठी अशा दोन्ही चिकित्सांची सोय केल्याचा स्पष्ट उल्लेख आहे. औषधी वनस्पती जेथे नव्हत्या तेथे त्या आणून लावल्या, रस्त्यांवर विहिरी खोदल्या, असेही तो लेख सांगतो. आपल्या शेजारच्या पैठणचे एकनाथ महाराज काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिती करतात, ही कथा आपण कीर्तनात ऐकत आलो. भाकरी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव महाराज आपल्या मराठवाड्याचेच. दत्तगुरूंच्या पायाशी चार श्वान आणि खंडोबाच्या संगतीलाही कुत्रा. जुन्या घरांतून जेवणापूर्वी गाईचा, कावळ्याचा आणि कुत्र्याचा घास काढून ठेवीत. अशा समाजात कुत्र्याला दगड मारू नये हे शिकविण्यासाठी बाहेरून कोणी यावे लागले नाही.

परंतु घास घालणे वेगळे आणि जखम बांधणे वेगळे. एकनाथ महाराजांच्या कथेतले मर्म हेच आहे की गाढवाला जे हवे होते, म्हणजे पाणी, तेच त्यांनी दिले आणि त्याच क्षणी दिले. मी मनीला जे दिले, ते माझ्याजवळ होते म्हणून दिले.

पशुवैद्यकाची विद्याही आपल्याकडे जुनी आहे. घोड्यांच्या चिकित्सेचा आचार्य शालिहोत्र आणि हत्तींच्या चिकित्सेचा आचार्य पालकाप्य ही नावे परंपरेने सांगितली जातात. घोड्याच्या वैद्याला जुन्या काळी सालोत्री म्हणत, तो शब्द शालिहोत्रावरूनच आला. पण पाहा, घोडा आणि हत्ती हे राजाचे सैन्य. गाय-बैल हे शेतकऱ्याचे धन. जे जनावर लढते, ओढते किंवा दूध देते, त्याच्या वैद्याची सोय आधी झाली. कुत्रा दाराशी राखण करी आणि मांजर कणगीपाशी उंदीर मारी, पण त्या कामाला बाजारात किंमत नव्हती. म्हणून त्यांचा वैद्य सर्वांत शेवटी आला.

दुसरे कारण भीतीचे होते. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याची माहिती सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात आली आहे. चावल्या जागेचे रक्त काढावे, तापलेल्या तुपाने ती जागा डागावी, असे उपचार तेथे सांगितले आहेत. त्याबरोबरच, ज्याला पाण्याचे भय वाटू लागले तो वाचत नाही, असेही संहिता सांगते. हे निरीक्षण आजही खरे आहे. रेबीजची लक्षणे एकदा उमटली की माणूस किंवा जनावर जवळजवळ कधीच वाचत नाही. मग रस्त्यावर रक्तबंबाळ होऊन पडलेल्या कुत्र्याला हात लावायला कोण धजणार? वेदनेने तो चावला तर? दया पोटात असूनही हात पुढे होत नसे, याचे कारण निर्दयपणा नव्हे.

याच भीतीतून आपल्या राज्यातला या विषयाचा पहिला मोठा प्रसंग घडला, तो मुंबईस १८३२ साली. मोकाट कुत्री फार झाली म्हणून उन्हाळ्याच्या ठराविक महिन्यांत ती मारण्याचा नियम इंग्रज सरकारने १८१३ पासून केलेला होता. १८३२ साली ती मुदत वाढविण्यात आली. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होते, आणि बक्षिसाच्या लोभाने शिपाई पाळलेली कुत्रीही घराबाहेर ओढून मारू लागले. पारशी धर्मात कुत्र्याला फार मान आहे. मृताच्या अंत्यविधीत त्याची दृष्टी मृतदेहावर पडावी, असा त्यांचा संस्कार आहे. ६ जून १८३२ रोजी कोटातल्या पारशी मंडळींनी या शिपायांना अडविले आणि दंगा झाला. दुसऱ्या दिवशी हरताळ पडला. त्यात जैन आणि हिंदू व्यापारीही सामील झाले. दुकाने बंद राहिली आणि कुलाब्याच्या छावणीकडे जाणारी रसदही अडली. मुंबईतला हा एक अगदी आरंभीचा मोठा हरताळ, आणि तो झाला कुत्र्यांसाठी!

त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभॉय आणि शेठ अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईत भुलेश्वरास पांजरपोळ उभा राहिला. मारल्या जाणाऱ्या कुत्र्यांना आसरा देणे हाही त्याचा एक हेतू होता. पुढे तो मुख्यतः गाईगुरांचा पांजरपोळ म्हणून प्रसिद्धीस आला. दंग्याचे रूपांतर संस्थेत व्हावे ही केवढी चांगली गोष्ट! तरीही पांजरपोळ म्हणजे आसरा. तेथे जनावराला चारा-पाणी आणि शांतपणे मरण मिळे. इस्पितळाची कल्पना यायला आणखी काही काळ जायचा होता.

एक योगायोग येथे सांगण्याजोगा आहे. त्याच १८३२ साली स्कॉटलंडातील लीथ गावी पटकीची साथ चालू असताना थॉमस लाटा नावाच्या डॉक्टराने रोग्याच्या शिरेत खारट पाण्याचे द्रावण सोडून पाहिले. ज्याला आज आपण सलाईन म्हणतो त्याची ही सुरुवात. जुलाब-ओकाऱ्यांनी ज्याच्या अंगातले पाणी संपले आहे, त्याला तोंडाने पाजून पोटात ठरत नाही, म्हणून शिरेतून द्यावे, हा तो साधा विचार होता. आज पिल्लाला रक्ताची हगवण लागली की डॉक्टर आधी हीच बाटली लावतात. मुंबईच्या रस्त्यावर कुत्र्याच्या जिवाची किंमत आठ आणे ठरत होती, त्याच वर्षी त्याच्या भावी पिढ्यांना वाचविणारा उपाय समुद्रापार जन्मास येत होता.

प्राण्यांचा छळ थांबविणारी संस्था मुंबईत १८७४ साली निघाली. तिच्यासाठी गिरणीमालक सर दिनशा माणेकजी पेटिट यांनी परळ येथे मोठी देणगी दिली आणि त्यातून जे इस्पितळ उभे राहिले, त्याला त्यांच्या पत्नीचे नाव देण्यात आले. ते म्हणजे बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचे इस्पितळ. परळच्या बाजूला राहणारी माणसे त्याला आजही 'बैलघोडा' म्हणतात. भगिनींनो, मुंबईच्या गाडीच्या घोड्यांनी, बैलांनी, आणि पुढे कुत्र्यामांजरांनी ज्या दाराशी प्राण वाचविले, त्या दारावर एका बाईचे नाव आहे, हे आपण लक्षात ठेवण्यासारखे आहे. याच आवारात १८८६ साली मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. तीनच वर्षांनी, १८८९ साली, पुण्यास जनावरांच्या रोगांची सरकारी प्रयोगशाळा निघाली. ती पुढे मुक्तेश्वरला गेली आणि आजची बरेलीजवळच्या इज्जतनगरची मोठी संशोधनसंस्था तिच्यातूनच वाढली. पण या साऱ्यांचे लक्ष मुख्यतः घोडे, बैल आणि गुरांच्या साथी यांकडे होते. फ्रान्समधील लिआँ येथे जगातले पहिले पशुवैद्यक विद्यालय १७६१ साली ठरले, तेही गुरांचा बुळकांड्या रोग आवरावा म्हणूनच.

कुत्र्याला हात लावण्याची भीती ज्याने कमी केली, तो माणूस पशुवैद्य नव्हता, रसायनशास्त्रज्ञ होता. जुलै १८८५ मध्ये आल्सास प्रांतातील जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पिसाळलेल्या कुत्र्याने ठिकठिकाणी चावले. त्याची आई त्याला घेऊन शेकडो किलोमीटर दूर पॅरिसला लुई पाश्चरकडे गेली. अंतर साधारण आपल्या जालन्याहून मुंबईएवढे. ६ जुलैपासून पाश्चरच्या लशीची इंजेक्शने सुरू झाली आणि मुलगा वाचला. या गोष्टीत पाश्चरचे नाव सर्वांना ठाऊक आहे, पण घाव दिसताच रडत न बसता मुलाला उचलून निघालेली ती आई माझ्या डोळ्यांपुढे राहते.

आपल्या देशात ही लस १९०० साली हिमालयाच्या पायथ्याशी कसौली येथे आणि १९०७ साली दक्षिणेत कुन्नूर येथे मिळू लागली. आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. मनमाड-सिकंदराबाद रेल्वे १९०० च्या सुमारास नुकतीच धावू लागली होती. जालन्याच्या एखाद्या मुलाला कुत्रा चावला तर आईबापांनी त्याला घेऊन किती गाड्या बदलायच्या, किती दिवस घालवायचे, याची कल्पनाच करावी. १९११ साली कसौलीच्या डेव्हिड सेंपल यांनी लस तयार करण्याची नवी रीत काढली, तेव्हा ती लस गावोगावच्या दवाखान्यांत पाठविणे शक्य झाले. पोटात घ्यावयाच्या त्या इंजेक्शनांची धास्ती आपल्यापैकी ज्येष्ठ भगिनींना आठवत असेल. ती लस आपल्या देशात २००४ च्या अखेरीस कायमची बंद झाली. आज जी लस मिळते ती दंडावर देतात, थोड्याच वेळा द्यावी लागते आणि तिच्यापासून पूर्वीसारखा धोका नाही. कुत्र्यालाही वर्षाकाठी लस टोचता येते. लस टोचलेला कुत्रा जखमी झाला तर त्याच्याजवळ बसण्याचे निम्मे भय सरते. म्हणून माझ्या मते कुत्र्याच्या शुश्रूषेचा खरा इतिहास पाश्चरच्या लशीनंतरच सुरू होतो.

येथे एका ऋणाचाही उल्लेख केला पाहिजे. आपण कुत्र्याला वैद्यक देण्यापूर्वी त्याने आपल्याला ते दिले आहे. सतराव्या शतकात इंग्लंडात रिचर्ड लोअर याने एका कुत्र्याचे रक्त दुसऱ्या कुत्र्याच्या अंगात घालून रक्त देण्याची वाट दाखविली. पाश्चरच्या लशीची परीक्षा आधी कुत्र्यांवर झाली. १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांना इन्शुलिनचा शोध लागला, तोही कुत्र्यांवरील प्रयोगांतून. आपल्या मंडळात मधुमेहाची इंजेक्शने घेणाऱ्या भगिनी कमी नाहीत. त्यांच्या रोजच्या सुईमागे कितीएक मुक्या जिवांचे प्राण आहेत.

कुत्र्यामांजरांचे दवाखाने वाढविण्यात बायकांचा वाटा मोठा आहे. १९१७ साली, पहिले महायुद्ध चालू असताना, लंडनच्या गरीब वस्तीत मरायाह डिकिन या बाईंनी एका तळघरात गरिबांच्या आजारी जनावरांसाठी मोफत दवाखाना उघडला. ज्याच्याजवळ पैसा नाही त्याचेही आपल्या कुत्र्यावर तितकेच प्रेम असते, एवढाच त्यांचा विचार. त्या दवाखान्याची मोठी संस्था झाली आणि ती आजही चालू आहे. आयर्लंडच्या अलीन कस्ट यांनी १९०० पर्यंत पशुवैद्यकाचा अभ्यास पुरा केला होता, पण त्या स्त्री म्हणून त्यांना अधिकृत परीक्षेस बसू दिले नाही. पदवी मिळायला १९२२ साल उजाडावे लागले. मधली वीस-बावीस वर्षे त्या काम करीतच राहिल्या. आपल्या देशात नृत्यकलेसाठी ख्यातनाम असलेल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत जनावरांच्या छळाविरुद्ध स्वतःचे विधेयक मांडले. त्या प्रयत्नाची परिणती १९६० च्या कायद्यात झाली. १९६२ साली त्या कायद्याखाली जे मंडळ स्थापन झाले, त्याच्या पहिल्या अध्यक्षा त्याच होत्या.

तातडीचे आणि अत्यवस्थ रोग्याचे उपचार ही कुत्र्यामांजरांसाठी वेगळी विद्या मानली जाऊ लागली ती मात्र अगदी अलीकडे. अमेरिकेत या कामातील पशुवैद्यांची संघटना १९७८ साली झाली आणि १९८९ साली तिकडे या विषयाला स्वतंत्र शाखेची मान्यता मिळाली. त्याच १९७८ साली कुत्र्यांमध्ये पार्व्हो हा नवा रोग उद्भवला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला. रक्ताची हगवण लागून पिल्ले दोन-तीन दिवसांत मरत. लस लवकरच निघाली, पण लस न टोचलेल्या पिल्लांना वाचविण्यासाठी रात्रंदिवस सलाईन लावून, ऊब देऊन जवळ बसावे लागे. आजारी पिल्लाच्या उशाशी रात्र काढणारा दवाखाना हवा, ही गरज त्या रोगाने जगाला पटवून दिली.

आता आपल्या भागाकडे येऊ. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले. १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात, १९६० साली महाराष्ट्रात आला आणि १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. मराठवाड्यातले पशुवैद्यक महाविद्यालय परभणीस १९७२ साली निघाले. ते साल आपण दुष्काळामुळे विसरू शकत नाही. गावोगावी सरकारी दवाखाने झाले. त्यांना आपण आजही काय म्हणतो? गुरांचा दवाखाना. या एका नावातच सारा इतिहास आला. शेतकऱ्याची गाय वाचविणे हे त्या दवाखान्याचे पहिले काम आहे आणि तसेच ते असावे. तेथील डॉक्टर कुत्र्यामांजरांनाही तपासतात, लस टोचतात, जखमा शिवतात. पण दवाखान्याला वेळ असते, आणि संकट वेळ पाहून येत नाही. घरी येऊन गुरांवर उपचार करणाऱ्या फिरत्या पथकांसाठी राज्यात १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आहे. अरुंडेलबाईंच्या मंडळाचे सालही तेच, एवढे ध्यानात ठेवले तर क्रमांक विसरणार नाही.

मुंबईत महालक्ष्मी येथे २०२४ साली टाटा ट्रस्ट्सनी लहान प्राण्यांसाठी पाच मजली इस्पितळ उघडले. तेथे दिवसरात्र तातडीची सेवा आहे, अतिदक्षता विभाग आहे, शस्त्रक्रियेच्या सोयी आहेत. त्यामागे ध्यास होता रतन टाटा यांचा. ते इस्पितळ उघडल्यावर थोड्याच महिन्यांनी, ९ ऑक्टोबर २०२४ रोजी, त्यांचे निधन झाले. १८३२ च्या हरताळापासून मोजले तर मुंबईच्या कुत्र्याला अतिदक्षता विभागाच्या दारापर्यंत पोचायला १९२ वर्षे लागली. आपल्या गल्लीतल्या कुत्र्याला ते दार अजून सुमारे ४०० किलोमीटर दूर आहे.

म्हणूनच मला असे वाटते की हे अंतर आपण ज्या पहिल्या घटकेत काढतो, ती घटका दवाखान्याची नसून घराची असते, आणि घरात तेव्हा बहुधा बाईच असते. तिला थोडे माहीत असले तर जीव राहतो. डॉक्टरांकडून जे मी शिकले ते येथे लिहून ठेवते.

कुत्रा किंवा मांजर चावले, ओरखडले, तर प्रथम जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरचीपूड काही लावू नये. मग त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. जखम खोल असेल तर लशीबरोबर आणखी एक औषध जखमेत देतात, ते टाळू नये. कुत्रा कारण नसता चावत सुटला असेल, जबडा लोंबून लाळ गळत असेल, तर दया आली तरी त्याला स्पर्श करू नये.

अपघातात सापडलेला कुत्रा ओळखीचा असला तरी वेदनेने चावतो. ओकत नसेल आणि श्वास नीट असेल तर ओढणीच्या पट्टीने त्याचे तोंड सैलसर बांधावे. रक्त वाहत असेल तेथे स्वच्छ फडके ठेवून दाबून धरावे, पुन्हा पुन्हा उचलून पाहू नये. पाय धरून न उचलता फळीवर किंवा ताणलेल्या चादरीवर न्यावे. बेशुद्ध जनावराच्या तोंडात पाणी घालू नये, ते फुफ्फुसात जाते. हिरडीवर बोट दाबून सोडले की दोन सेकंदांत गुलाबी रंग परत यायला हवा. हिरडी पांढरी, निळी किंवा तपकिरी दिसली तर क्षणही दवडू नये. मला हे ठाऊक असते तर मी सकाळची वाट पाहत बसले नसते.

आपल्याकडच्या वैशाख-ज्येष्ठात कुत्र्याला उन्हाचा झटका बसतो. धापा टाकीत तो लडखडतो, पडतो. अशा वेळी आधी सावलीत घेऊन सर्वांगावर गार पाणी ओतावे, वारा घालावा आणि मग दवाखान्यात न्यावे. ओले गोणपाट अंगावर झाकून ठेवू नये, त्याने उष्णता आतच कोंडते. फेफरे आले तर कांदा-चप्पल हुंगवू नये, तोंडात हात घालू नये. आजूबाजूच्या वस्तू बाजूला सारून, अंधार आणि शांतता करून किती वेळ फेफरे टिकले ते घड्याळात पाहावे.

आपला जिल्हा कापसाचा आणि मोसंबीचा. फवारणीची औषधे आणि उंदराचे औषध घरोघरी असते. विष पोटात गेल्याचा संशय आला तर मीठपाणी पाजून ओकारी काढू नये. औषधाचे पाकीट किंवा बाटली बरोबर घेऊन डॉक्टरांकडे धावावे. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट यांपासून कुत्र्याला धोका असतो, कांदा-लसूण मांजरालाही बाधतो. कुत्र्यासाठी आणलेले गोचिडाचे औषध मांजराला लावल्यास ते मांजराच्या जिवावर बेतू शकते. बोका पुन्हा पुन्हा लघवीला बसतो, ओरडतो आणि थेंबही येत नाही, तेव्हा घरातली माणसे त्याला बद्धकोष्ठ समजून तेल पाजतात. ते बद्धकोष्ठ नसते. लघवी तुंबलेली असते, आणि एक-दोन दिवसांत तो मरू शकतो. आणि माणसाची कोणतीही गोळी, विशेषतः तापाची आणि दुखण्याची, विचारल्याशिवाय मांजराला किंवा कुत्र्याला देऊ नये.

मंडळापुढे माझ्या तीन नम्र सूचना आहेत. पहिली, आपल्या सभागृहात माणसांच्या प्रथमोपचाराची पेटी आहे, तिच्यातच एक रुंद पट्टी, जाड चादर आणि हातमोजे यांची भर घालावी. दुसरी, जवळच्या पशुवैद्यांचे क्रमांक आणि त्यांच्या वेळा एका फळ्यावर लिहून ठेवाव्यात, म्हणजे रात्री कोणी शोधत बसणार नाही. तिसरी, दरवर्षी २८ सप्टेंबरला, म्हणजे पाश्चरच्या पुण्यतिथीला, जगभर रेबीज दिन पाळतात. त्या दिवशी आपल्या गल्लीतील कुत्र्यांना लस टोचून घ्यावी आणि डॉक्टरांना बोलावून तासभराचे प्रात्यक्षिक ठेवावे. खर्च फार येणार नाही.

बैठकीत ज्या भगिनीने मला प्रश्न विचारला होता, त्यांच्या घरी हल्ली एक मांजर व्याली आहे, असे कळले. चार पिल्ले आहेत. त्यांनी परवा मला दारातच थांबवून विचारले, "ताई, पिल्लांना सर्दी झालीय, थोडी गोळी देऊ का?" मी त्यांना दवाखान्याची वेळ सांगितली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याबरोबर गेलेही. पिल्ले आता बरी आहेत. त्यांतले एक, पांढऱ्या पायांचे, मी मागून ठेवले आहे.